कोळशाच्या गॅसवरची मोटार

ताराने ताडपत्रीच्या पडद्याची दोरी सोडायला हात घातला, तेव्हा नरहरने तिचं मनगट धरलं.

"थंडी आत येतेय. राहू दे."

"जीव घुसमटतोय हो माझा."

"तुझा कुठं घुसमटत नाही?"

तिने हात मागे घेतला. जालन्याच्या घरात हे तिने लग्नापासून ऐकलं होतं. शहागडला माहेरी गेल्यावर आईला तिने एवढंच सांगितलं होतं, की तिथं मला श्वास घेता येत नाही.  आईने जावयाला निरोप धाडला, आणि तो न्यायला आला.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारीच्या मागे लोखंडी भट्टी बसवली होती. तिच्यात कोळसा धुमसायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालायचं. एकदा बंद पडलं की पुन्हा सुरू करता करता नाकी नऊ येत, म्हणून वडीगोद्रीला रामकिसन ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवून चहाला गेला. पुढचे उतारूही त्याच्या मागोमाग उतरले. भट्टीला लागून असलेल्या शेवटच्या बाकावर तिघंच उरली: तारा, नरहर आणि घोंगडी पांघरून बसलेली, मेंढरं राखणारी बायनाबाई.

"मी जरा खाली उभी राहते," तारा म्हणाली.

"बस इथंच. चार लोकांत तमाशा नको."

ताराचं कपाळ ठणकू लागलं. शेजारी बायनाबाईची मान कलली. ताराने तिला हलवलं.

"लय झोप येऊन राह्यली, बाई," ती पुटपुटली आणि पुन्हा कलंडली.

ताराने नरहरकडे वळून पाहिलं. त्याची टोपी मांडीवर पडली होती. तोंड उघडं होतं.

"अहो."

तो हलला नाही.

दोरीची गाठ बोटांना सुटेना. तिने ती दातांनी ओढली, पडदा वर फेकला आणि ओरडली. नरहरच्या काखेत हात घालून ती त्याला दाराकडे ओढू लागली, तोवर रामकिसन धावत आला.

"भट्टीची नळी सुटली! जल्दी भाईर काढा!"

रस्त्याकडेला बायनाबाई ओकली आणि शुद्धीवर आली. नरहरला शुद्ध यायला वेळ लागला. रामकिसनने त्याच्या तोंडावर पाणी मारलं.

"मालक, ह्या गॅसचा पत्ता लागत न्हाई. नुसती झोप येते. बाईंनी पडदा उघडला म्हणून वाचले तुमी."

नरहर हात टेकून उठून बसला आणि ताराकडे वळला.

"मला आधी सांगायचं नाही का?"

ताराने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता.

रामकिसनने नळी घट्ट आवळली, सगळे पडदे वर बांधले. उतारू एकेक करून चढले.

"म्या न्हाई त्यात बसत," बायनाबाई म्हणाली. "एखादी बैलगाडी भेटल."

तारा तिच्याजवळ दगडावर बसून होती.

"चल," नरहर म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं."

"आणि तू?"

"मी बसते इथं."

"मग येशील कधी?"

ती बायनाबाईच्या खांद्यावर घोंगडी नीट करत राहिली.

रामकिसनने हॉर्न वाजवला. "मालक, चढता का? गॅस उतरून राह्यला, इंजन बंद पडल."

नरहरचा एक पाय पायरीवर होता. दुसरा त्याने वर घेतला नाही, आणि पहिला खालीही टेकवला नाही.