माझ्या पाठीवरचा डावा हात

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. आरसा नव्हे. आरसा झाले असते तर लोकांनी रोज माझ्यापुढे उभे राहून भांग पाडला असता आणि माझाही तोरा वाढला असता. मी आपली साधी, खिडकीची काच. त्यातही खोट असलेली. माझ्या एका कोपऱ्यात, अगदी पोटात, मोहरीएवढा हवेचा बुडबुडा अडकून राहिला आहे. भट्टीतून बाहेर पडतानाच मी तो घेऊन आले.

भट्टी कुठली, वाळू कुठली, हे मला आठवत नाही. समज आली तेव्हा मी वाळल्या गवतात गुंडाळलेली होते आणि जहाज डाकारच्या उत्तरेकडच्या सेंट लुईच्या धक्क्याला लागत होते. एका कापडाच्या व्यापाऱ्याने आम्हा सगळ्या बहिणींना विकत घेतले. बहिणी दुकानाच्या दर्शनी बाजूला लागल्या. मला बुडबुड्यामुळे परसदारची खिडकी मिळाली. बहिणींनी रस्त्यावरच्या वराती पाहिल्या, मी बकऱ्यांच्या शेपट्या पाहिल्या. पुढे दुकान विकले गेले, खिडक्या उपटल्या गेल्या आणि मी भिंतीला टेकून उन्हात पडून राहिले. कुणी ढुंकून बघेना.

मग मेदून मामा आला. तो माझा मामा नव्हे, पण मी त्याला मामाच म्हणते, कारण ज्या मुलीने मला आयुष्यभर हाताळले तिचा तो मामा. आडनाव जोब. आमच्या गावात काचेवर चित्रे काढण्याची रीत जुनी आहे आणि मामाचा हात त्यात पहिल्या पंगतीचा. त्याने मला उचलले, उजेडात धरले, बुडबुडा पाहिला आणि म्हणाला, "चल, तुझंही काहीतरी होईल." एवढे गोड माझ्याशी तोवर कुणीच बोलले नव्हते.

काचेवरचे काम म्हणजे सगळा उलटा कारभार, मित्रांनो. चित्रकार आमच्या पाठीवर काढतो आणि लोक पुढून बघतात. कागदावर आधी आकाश रंगवून त्यावर माणूस काढता येतो. काचेवर आधी डोळ्यातली बाहुली, मग डोळा, मग चेहरा, आणि आकाश सगळ्यांत शेवटी. जे आधी काढले तेच वर राहते, म्हणून चुकीवर रंग फासून ती झाकायची सोय नाही. शिवाय डावे ते उजवे होते आणि उजवे ते डावे.

मामाच्या बहिणीची मुलगी रोखाया न्जाय ही विद्या त्याच्याकडेच शिकली. हात गोड होता तिचा. त्या दिवसांत ती एकदा काढलेली रेघ पुसत नसे. पण एका बारशाने घात केला. तिच्या चुलतबहिणीच्या बाळाचे बारसे होते आणि रोखायाने आहेरासाठी पहिले मोठे चित्र केले होते. मध्ये मासळीभाताचे भले मोठे घमेले आणि भोवती जेवायला बसलेली मंडळी. तिने मोठ्या हौसेने सगळ्यांना उजव्या हाताने जेवायला बसवले. पण ते आपल्या बाजूने! भर मांडवात वरचे कापड काढले तेव्हा पुढून बघणाऱ्यांना काय दिसले? अख्खे घराणे डाव्या हाताने भात चेपत होते. घरातली माणसे तर सोडाच, मौलवीसाहेबसुद्धा.

"अगं बाई!" बाळाची आजी ओरडली. "आमच्या घरात इतके डावखुरे कधी जन्मले? या घमेल्यात मी नाही बाई हात घालायची!"

मांडव हसून लोटपोट झाला. मामाही डोळे पुसत हसला. रोखाया तेवढी हसली नाही. चित्र भिंतीकडे तोंड करून उभे केले गेले आणि ती न जेवता घरी आली.

त्या दिवसापासून तिचा हात बिघडला. चुकत नव्हता, पण पुसायचा थांबत नव्हता. प्रत्येक रेघ ती आरशात धरून तपासायची आणि पुसायची. मला तिने सरावासाठी ठेवून घेतले. "ही नाहीतरी बुडबुड्याचीच आहे," ती म्हणायची. "हिच्यावर आधी काढून बघते. नीट जमलं की चांगल्या काचेवर." हे शब्द मी किती वेळा ऐकले असतील! माझ्या पाठीवर ससे आले, तरस आले, होड्या आल्या, एकदा तर दागिन्यांनी मढलेली नवरी आली. दर वेळी मी हुरळून जायचे. वाटायचे, आता रंग येणार, आता आकाश येणार. आणि ओला बोळा यायचा. शाई वाळली असेल तर पाते यायचे. माझ्यानंतर आलेल्या कोवळ्या काचा मामाच्या हातून चित्रे होऊन, कागदात गुंडाळून, घोडागाडीतून लोकांच्या घरी गेल्या. कुणाच्या भिंतीवर त्या आता दिवाणखान्याची शोभा झाल्या असतील. मी मात्र प्रत्येक संध्याकाळी होते तशी कोरी.

पुढे डाकारहून सारबाई आल्या. त्या मुलांची पुस्तके छापतात. त्यांनी माझ्या पाठीवरचा ससा पाहिला आणि टाळी वाजवली. "हाच ससा हवा मला पुस्तकात! पुसू नका हं." मामाने चहा ठेवला. आमच्याकडे चहाचे तीन फेर होतात. पहिला पेला संपेपर्यंत ससा पुसून झाला होता.

तरी बाईंनी काम दिले, ते मामाच्या भरवशावर. तोही पठ्ठ्या होता. रोखाया रंगवत बसली की तो मागे खुर्ची टाकून बसायचा आणि चित्र पुरे झाले असे त्याला वाटले की तिच्या हातून सरळ काढून घ्यायचा. पाठीला पुठ्ठा, कडेने चिकटपट्टी, की झाले. पट्टी लागली की पुसणे बंद.

"मामा, थांब! कान जरा लांब झालाय."

"सशाचा कान लांब झाला म्हणून कुणी पंचायत बोलावली का गं? ससा आहे तो, नवरदेव नाही."

"फक्त एकदाच पुसते."

"तुम्ही न्जाय मंडळी! भाताच्या घमेल्यापुढं हात थांबत नाही, आणि इथं रेघ मारायची तर हात पुढं जात नाही."

"आणि तुम्ही जोब लोक दुसऱ्याच्या ताटातलं उचलायला तेवढे तरबेज," ती उचललेल्या चित्राकडे हताशपणे बघत म्हणायची. जोब आणि न्जाय या आडनावांनी एकमेकांची अशी टर उडवायचीच असते. त्याचा कुणी राग धरत नाही.

अशी एकेक करत पुस्तकाची सगळी चित्रे पुरी झाली. उरले शेवटचे. गोष्टीतला ढोलवाला गाव सोडून दूर निघतो आणि त्याची लेक त्याला निरोप देते, एवढेच त्यात दाखवायचे होते.

नेमके तेव्हाच मामाचे डोळे गेले. म्हणजे एकदम नाही. कडेकडेने अंधार येत गेला आणि मधे थोडे उजेडाचे भोक उरले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. त्या दुखण्याच्या नावात काच आहे हे ऐकून मला उगीचच अपराध्यासारखे वाटले. त्याचा मुलगा लांब दक्षिणेला, झिगिंशोरला असतो. डाकारपर्यंत गाडी आणि पुढे समुद्रातून बोट. "अब्बांनी आता इथं एकटं राहायचं नाही," मुलगा म्हणाला आणि न्यायचा दिवस ठरवून गेला.

त्या संध्याकाळी मामा रोखायाला म्हणाला, "आजवर प्रत्येक चित्र मी तुझ्याकडून हिसकावून घेतलं. आता एक चित्र असं दाखव, की ज्याला तू आपणहून 'झालं' म्हणालीस. डोळे आहेत तोवर बघून घेतो."

"दाखवते मामा. तू जायच्या आत."

मित्रांनो, तिने खरेच जिवाचे रान केले. रोज माझ्या पाठीवर एक ढोलवाला निघायचा आणि रोज तो पुसला जायचा. कधी खांदा पडलेला, कधी लेकीची मान ताठ, कधी काहीच चुकलेले नसायचे पण तिला ते पटायचे नाही. मागची खुर्ची रिकामी असायची. मामाला आता रेघ दिसत नव्हती, तर तो हिसकावणार कशी? मला ओरडून सांगावेसे वाटायचे, अगं, हा राहू दे, हा चांगला आहे! पण काचेला बोलता येत नाही, तडकता येते फक्त.

जायच्या दिवशी सकाळी मामा चाचपडत खोलीत आला. त्याने मला उचलून उरल्यासुरल्या उजेडाजवळ, अगदी नाकाजवळ धरले. माझ्या पाठीवर काही नव्हते. बराच वेळ तो बघत राहिला.

"छान आहे," तो म्हणाला. "आकाश तेवढं सुरेख आलंय."

त्याने मला हळूच खाली ठेवले. रोखायाने तोंडावर ओढणी घेतली. मला तर वाटले, एवढ्या वर्षांत एकदा तरी फुटून गेले असते तर बरे झाले असते.

दारात घोडागाडी आली. मुलाने सामान चढवले. रोखाया अंगणात धावली ती हातात बोळा तसाच घेऊन, आणि रडत रडत तिने मामापुढे उजवा हात केला.

"हे काय?" मामाने तो चाचपून बघितला. "उजवा?"

"डाव्यात बोळा आहे, मामा."

"मग तो बोळा टाक आधी, आणि डावा दे."

लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला आमच्याकडे डावा हात देतात. एरवी डावा हात पुढे करणे हा अपमान. पण निरोपाच्या वेळी ती चूक मुद्दाम करायची, कारण केलेली चूक निस्तरायला माणसाला परत यावे लागते. मग परतल्यावर उजवा हात द्यायचा. हे रोखायाला काय ठाऊक नव्हते? पण दुःखात ती विसरली होती.

"सगळं नीटनेटकं करून पाठवलंस मला, तर मी परत कशाला येऊ?" मामा म्हणाला. "एवढी एक चूक राहू दे आपल्या दोघांत."

बोळा मातीत पडला. डाव्या हातात डावा हात बराच वेळ राहिला. मग गाडी गावाबाहेर नेणाऱ्या पुलाकडे वळली.

रोखाया आत आली ती थेट माझ्याकडे. तिने आरसा घेतला नाही, कच्चा आराखडा केला नाही. टाक शाईत बुडवला आणि सुरुवात केली. मी पालथी पडले होते आणि खालून मला तिचा चेहरा दिसत होता. इतक्या वर्षांत तो चेहरा मी रेघेवर खिळलेलाच पाहिला होता. त्या दिवशी तो रेघेच्या पलीकडे कुठेतरी होता. मामा आला, त्याची वाकलेली पाठ आली, गोष्टीसाठी खांद्याला ढोल आला, समोर ती स्वतः आली आणि मधे दोघांचे डावे हात.

मग तिने मला उचलून पुढून पाहिले, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पुढून हात उजवे होते! एवढी वर्षे प्रत्येक रेघ उलटी करून तपासणारी ही बाई, आज आपल्या बाजूने डावे काढून बसली होती. पुन्हा तेच बारशाचे जेवण. आणि निरोपात उजवा हात म्हणजे तर अशुभच, सगळा व्यवहार पुरा, परत यायचे कारण संपले.

तिचा हात बोळा शोधू लागला. बोळा अंगणात पडला होता. ती गेली आणि तो उचलून घेऊन आली. मी म्हटले, संपले.

पण ती पुसेना. तिने मला पुढून धरले, मग मागून, मग पुन्हा पुढून. मागून पाहिले की मामा निघाला होता. पुढून पाहिले की मामा परत आला होता आणि ती त्याला उजवा हात देत होती. कितीतरी वेळ ती मला अशी फिरवत होती. शेवटी ती हसली, रडून लाल झालेल्या नाकाने हसली, आणि त्या बोळ्याने तिने आपलेच तोंड पुसले. गालावर शाईचा फराटा उमटला. तोही तिने पुसला नाही. तिने रंगांची झाकणे उघडली. संध्याकाळी आकाश भरून झाले आणि माझा बुडबुडा त्या निळ्यात राहून गेला. लोक त्याला दिवसाचा चंद्र समजतात.

"झालं," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली.

सारबाई चित्र बघायला आल्या तेव्हा कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "रोखाया, हात चुकलाय गं. ढोलवाला जातोय ना? हा तर आल्यासारखा दिसतोय."

"हो, चुकलाय," रोखाया चहा ओतत म्हणाली. "राहू दे."

बाईंनी तसाच माझा फोटो काढला आणि तो पुस्तकात छापला. चहाचे तिन्ही फेर झाले तरी मी शाबूत होते.

रात्रीची बोट उतरून मामा केव्हाच पोचला होता. त्याचा फोन आला तेव्हा नजरेतले ते उरलेले उजेडाचे भोकही बुजले होते.

"झालं म्हणालीस म्हणे?"

"म्हणाले, मामा."

"हात कोणते?"

"माझ्या बाजूनं डावे. लोकांच्या बाजूनं उजवे."

पलीकडून मामाचे हसू आले, ते थांबेचना. "म्हणजे बारशाचं जेवण पुन्हा वाढलंस! न्जाय ती न्जायच." मग हसू आवरत तो म्हणाला, "पुढून बघायचं माझं राहून गेलं गं. पाठीला पुठ्ठा लावू नकोस. आलो की बोट फिरवून बघीन. रंगाचा थर बोटाला लागतो."

तेव्हापासून मी दाराजवळच्या भिंतीवर आहे, पाठ उघडी. रोखाया आता इतर काचांना आपल्या हातांनी पुठ्ठा लावते. अजूनही एखादी रेघ पुसते, पण एखादीच. पुस्तके मुलांच्या हाती गेली आहेत. मामाचे येणे मात्र आज होते, उद्या होते, असे करत लांबते आहे. वाळवंटाकडून धूळ येते आणि माझ्या उघड्या पाठीवर बसते. बाहेर घोडागाडी थांबली की रोखाया टाक खाली ठेवते आणि मीही खिळ्यावर जरा सावरून बसते. गाडी दुसऱ्याच कुणाची असते.

मित्रांनो, तुम्ही चित्रे काढत असाल तर आम्हा काचांची एवढी विनवणी ऐका. एखादा कान लांब झाला तर होऊ द्या. आम्हाला कोरे राहण्याचा फार कंटाळा असतो. आणि कधी आमच्या गावी आलात, तर माझी धूळ पुढूनच पुसा, पाठीला फडके लावू नका. तिथे एका म्हाताऱ्या बोटाचे काम राहिले आहे. त्या बोटाला आधी माझ्या पाठीवरचा डावा हात लागेल. मग रोखाया मामाला आपल्याकडे वळवून उजवा हात देईल. त्यानंतर खुशाल लावा म्हणावे मला पुठ्ठा.