चार नंबरच्या मास्तरांचा उपास

आमच्या वॉर्डाचे सर्जन आणि मोठ्या सिस्टर यांच्यात पंधरा दिवस अबोला होता. कारण क्षुल्लक होतं. एका पेशंटच्या पायावर सर्जनसाहेब ऑपरेशनची खूण करत असताना सिस्टर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, डावा नाही, उजवा." खूण खरोखरच चुकली होती. सिस्टरची चूक असती तर साहेबांनी मोठ्या मनानं माफ केली असती.

"यापुढे मला जे काही सांगायचं ते लेखी," असं साहेबांनी जाहीर केलं.

"आणि मी फक्त लिहूनच सांगीन," असं सिस्टरनी जाहीर केलं.

तेव्हापासून सिस्टर वहीत लिहीत आणि साहेब बाणेदारपणे ती वाचत नसत. अगदीच नड पडली तर दोघं पेशंटमार्फत बोलत. मी चार नंबरच्या पलंगावरचा हर्नियाचा पेशंट, त्यात मधुमेही, शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर. आयुष्यभर पोरांची भांडणं सोडवली, म्हणून दोघांनाही मी सोयीचा वाटलो.

त्या दिवशी अकरा वाजता माझं ऑपरेशन होतं. आदल्या रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. साडेआठला साहेब आले आणि पलंगाच्या डावीकडे उभे राहिले. सिस्टर उजवीकडे होत्या.

"मास्तर, विचारा यांना, आठचं इन्सुलिन का दिलं नाही? कागदावर आहे."

"मास्तर, सांगा त्यांना, पेशंट उपाशी आहे. इन्सुलिन दिलं तर साखर उतरून पेशंट इथेच आडवा होईल. वहीत सहा वाजताच लिहून ठेवलंय."

मी आडवाच होतो, पण मुद्दा कळला. साहेबांनाही कळला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इन्सुलिनवर काट मारायची राहिली होती, एवढंच. पेन खिशात होतं. एक रेघ ओढली की संपलं. पण ती रेघ सिस्टरसमोर ओढायची होती.

"मास्तर, सांगा यांना, मी लिहितो ते विचार करून लिहितो."

"विचार कधी करतात तेही विचारा, मास्तर."

"साहेब," मी म्हणालो, "मी खरंच उपाशी आहे हो."

"पेशंटनं मध्ये बोलू नये!"

"मग 'मास्तर, सांगा', 'मास्तर, विचारा' असं कशाला म्हणता?"

माझ्याकडे दुर्लक्ष करून साहेब ट्रॉलीकडे वळले. "यांना जमत नसेल तर मी देतो."

त्यांनी तीन खण उघडले, दोन बंद केले, सुई सापडेना. नवी सून डबे धुंडाळत असताना सासू जशी दारात उभी राहते, तशा सिस्टर हात मागे बांधून उभ्या होत्या. चौथ्या खणात सुई मिळाली. साहेब औषध फार सावकाश भरत होते. कुणीतरी थांबवावं, असं त्यांना मनापासून वाटत असावं. सिस्टरचेही ओठ दोनदा हलले. पण आधी कोण बोलणार? हरणार कोण? दोघांचा स्वाभिमान शाबूत राहणार होता. जाणार होतो मी.

साहेबांनी माझ्या दंडाला स्पिरिट लावलं.

शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी चहाबरोबर खायला बिस्किटांचा पुडा नुकताच फोडला होता. मी दुसरा हात लांब केला, पुडा ओढला आणि चार बिस्किटं एकदम तोंडात कोंबली.

"अहो, माझी बिस्किटं!" आजोबा ओरडले.

"मास्तर!" साहेब गरजले.

"मास्तर!" सिस्टर किंचाळल्या.

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

"अकराचं ऑपरेशन गेलं! सिस्टर, तुम्ही बघत काय होता?"

"तुम्ही काय भरता ते बघत होते, सर! वही वाचली असती तर ही वेळ आली असती?"

"तोंडानं सांगता येत नव्हतं?"

"ते तुम्हीच बंद केलंत!"

"मग आज उघडायचं होतं!"

भांडण थेट, समोरासमोर आणि कडाक्याचं चाललं होतं. मध्ये मी नव्हतो. कोरडं बिस्किट घशात अडकत होतं, तरी मी तब्येतीत चावत होतो.

"ही शुगर आता वाढणार," साहेब धुसफुसत म्हणाले. "इन्सुलिन द्या."

"किती?"

"कागदावर आहे!"

"तोंडानं सांगा."

साहेबांनी दात आवळले. "दहा."

"दहाच ना?"

"दहाच!"

सिस्टरनी त्यांच्या हातातलं इंजेक्शन काढून घेतलं, उजेडाकडे धरून दोनदा मोजलं आणि मला टोचलं. जरा जोरातच टोचलं.

"ऑपरेशन गुरुवारी," साहेब जाता जाता म्हणाले. "आणि या माणसाच्या हाताला लागेल असं काही ठेवू नका."

"ठेवत नाही, सर," सिस्टर म्हणाल्या आणि माझ्या उशाचा पाण्याचा तांब्यासुद्धा उचलून घेऊन गेल्या.