बाईंच्या सहीची यादी

वाचनालयात बाईंची एकोणीस वर्षं गेली, पण तेवढ्या वर्षांत त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. वाचक विचारायचे, ते वेगळं. "बाई, पोरगा तापाने पडलाय, अंथरुणात वाचायला काय देऊ?" नाहीतर, "काहीतरी हसायचं द्या हो, घरात नुसती रडारड चाललीय." पण वरच्या माणसांपैकी कुणी कधी विचारलं नव्हतं. म्हणून नव्या संचालकांनी केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि "तुम्ही शिफारस कराल अशा पुस्तकांची यादी हवीय," असं म्हटलं, तेव्हा बाई अगदी हुरळून गेल्या.

"लहान मुलांसाठी शंभर, किशोरवयीन मुलांसाठी शंभर, मोठ्यांसाठी दोनशे," संचालक म्हणाले. "सुंदर छापून घेऊ. वर तुमचं नाव. फक्त प्रत्येक पानावर सही करा, वरच्या कार्यालयात पाठवायची असते."

"चारशेतच बसवायचं? आपल्याकडे अकरा हजार आहेत."

"निवडायचंय म्हणून तर तुम्हाला सांगतोय," ते हसून म्हणाले.

त्या दिवसापासून तीन आठवडे बाईंच्या घरचं जेवणाचं टेबल जेवणासाठी मिळालं नाही. नवरा ताट मांडीवर घेऊन जेवायचा. मुलगी पंधरा वर्षांची. तिने किशोरांची यादी वाचली आणि परत टेबलावर टाकली.

"आई, ही पुस्तकं आमच्यातलं कुणी वाचत नाही. आम्ही वाचावीत असं तुम्हा मोठ्यांना वाटतं, अशी आहेत ही."

"मग तुम्ही काय वाचता?"

"ती खेकड्यांची मालिका. ती फाटकी."

"ती काय शिफारस करायची? ती तुम्ही वाचताच."

मुलीने खांदे उडवले आणि ती उठून गेली.

फाटक्या पुस्तकांवरून खळमामांशीही बाईंचं वाजलं. खळमामा म्हणजे वाचनालयाचे बाइंडर. मागच्या खोलीत बसून निखळलेली पानं शिवायचे, नव्या पुठ्ठ्यात बांधायचे. हाताला सदा खळ लागलेली, म्हणून हे नाव; त्यांना तोंडावर त्याच नावाने हाक मारली तरी ते ओ द्यायचे. कोणतं पुस्तक किती वाचलं जातं हे त्यांना कार्ड न बघता कळायचं, कारण तेच पुस्तक दर वर्षी त्यांच्याकडे यायचं.

"बाई, माझ्या खोलीतलं एकही नाव नाही यात," यादीवरून नजर फिरवून ते म्हणाले.

"मामा, ही यादी बाहेर जाणार. चार शहाणी माणसं बघणार. त्यात उसवलेली पुस्तकं कशी घालू?"

"उसवली ती वाचून उसवली. तुमच्या यादीतली बरीच अजून कडक आहेत."

हे बाईंना झोंबलं. "तुम्ही शिवा, निवडायचं मी बघते," त्या म्हणाल्या. मामांनी चष्मा काढला, पुसला आणि ते पुन्हा कामाला लागले. आपण जास्त बोललो हे बाईंना जाणवलं, पण यादी द्यायची तारीख जवळ आली होती. नंतर बोलू, असं त्यांनी ठरवलं.

त्याच आठवड्यात शिवणवाल्या काकू आल्या. कोपऱ्यावर त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. बोटीवरच्या एका स्वयंपाक्याने लिहिलेलं प्रवासवर्णन त्या अकरा वर्षं वाचत होत्या. दुकान उघडण्याआधी रोज दोन पानं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. दर पंधरवड्याला येऊन तारखेचा शिक्का मारून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "माझं वाचन सावकाश आहे." त्या दिवशी पुस्तकाची पाठ पार सुटली होती.

"काकू, आठवडाभर ठेवून जा. मामा छान बांधून देतील."

"आठवडाभर मी काय वाचू?"

"माझी यादी येतेय ना छापून! त्यातलं एक देते निवडून."

काकूंनी पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि त्यावरचा हात जरा उशिराच उचलला.

यादी गेली. पुढच्या शनिवारी-रविवारी रंगकामासाठी वाचनालय बंद राहील, अशी सूचना लागली. बाईंना दोन दिवस सुट्टी मिळाली. त्यांनी झोप काढली.

सोमवारी दार उघडलं तर आत आवाज घुमत होता. मधली सगळी कपाटं नाहीशी झाली होती. त्या जागी फिकट निळे सोफे आणि संगणकांची रांग. भिंतीलगत पाच नवीकोरी शेल्फं, त्यांवर चारशे पुस्तकं, तोंडं पुढे करून मांडलेली. काचेच्या चौकटीत बाईंची यादी, तिच्यावर बाईंचं नाव.

"बाकीची कुठायत?" बाईंनी विचारलं.

संचालकांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "गेली. कागद कारखान्याचा ट्रक आला होता. जागा हवी होती ना."

"पण ती यादी शिफारशीसाठी होती!"

"बरोबर. तुम्ही ज्यांची शिफारस केलीत ती ठेवली. बाकीची ठेवणार असं मी कुठे म्हटलं होतं?" मग समजुतीच्या सुरात ते म्हणाले, "हे बघा, कुणीतरी निवडायचंच होतं. मी निवडलं असतं तर? मला यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही निवडलंत हे वाचनालयाचं भाग्यच."

बाई धावत मागच्या खोलीत गेल्या. तिथेही एक पुस्तक उरलं नव्हतं. मामा पिशवीत सुया, दोऱ्याची रिळं आणि खळीचा डबा भरत होते.

"मामा, मला एक फोन तर करायचा!"

"कशाला? पानापानावर तुमची सही होती. मला वाटलं, तुमचंच ठरलंय." पिशवीचं तोंड बांधता बांधता ते म्हणाले, "काकूंचं पुस्तक बांधून तयार होतं. ट्रक भरताना मी साहेबांना म्हटलं, हे वाचकाचं आहे. ते म्हणाले, यादीत बघा. मी दोनदा बघितलं."

त्या चारशे कडक पुस्तकांत शिवायचं काही नव्हतं. मामांचं काम त्या दिवशी संपलं.

गुरुवारी काकू आल्या. वाटेत जे कानावर आलं ते त्यांना खोटं वाटत होतं. त्यांनी पाचही शेल्फं शेवटपर्यंत पाहिली, मग काउंटरपाशी आल्या.

"यादी कुणी केली?"

क्षणभर बाईंच्या मनात आलं, संचालकांकडे बोट दाखवावं. पण चौकटीतलं नाव काकूंच्या पाठीमागेच होतं.

"मी केली, काकू. पण मला माहीत नव्हतं..."

"अकरा वर्षं दर पंधरवड्याला शिक्का मारत होता की तुम्ही."

"तुम्ही ते वाचताच, म्हणून नाही घातलं. तुम्हाला कशाला शिफारस करायची..."

"म्हणजे जे वाचतात त्यांचं गेलं आणि जे कुणी वाचत नाही ते उरलं," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. बिघडलेली शिवण दाखवावी तशा त्या बोलत होत्या. पर्समधून सभासदाचं कार्ड काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं. "दुसरं निवडून देणार होतात. नको. तुमची निवड कळली."

पंधरा दिवसांनी संचालकांनी बाईंना पुन्हा बोलावलं. वरचे लोक खूश होते. आणखी चार वाचनालयांच्या याद्या बाईंनीच कराव्यात, असं ठरलं होतं. बाईंनी पहिल्या वाचनालयाची यादी आठ दिवसांत दिली. सगळीच्या सगळी पुस्तकं. नऊ हजार दोनशे नावं, पानापानावर सही.

संचालकांनी गठ्ठा तळहातावर तोलला. "बाई, ही यादी नाही, हा हट्ट आहे."

"यातलं एकही नको म्हणायची माझी लायकी नाही."

ते रागावले नाहीत. त्यांनी गठ्ठा बाजूला सारला आणि याद्यांचं काम संगणकावर बसणाऱ्या नव्या मुलीला दिलं. तिने चारही याद्या एका दुपारी संपवल्या. बाईंना सभासद नोंदणीच्या खिडकीत बसवलं. पुस्तकाबद्दल कुणी विचारलं, तर त्या म्हणायच्या, "आत विचारा."

एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला बाई खळमामांच्या घरी गेल्या. दुसरा मजला, अरुंद जिना. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत तीनदा घोकलं होतं. दार मामांच्या बायकोने उघडलं, अर्धंच.

"झोपलेत ते."

"बरं नाही का?"

"बरे आहेत. झोपलेत."

आतून मामांच्या खाकरण्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. दोघींनीही तो ऐकला. बायकोने नजर खाली वळवली, पण दार अर्ध्यावरच धरून ठेवलं.

"सांगा, मी येऊन गेले."

"सांगते," ती म्हणाली. बाई पहिल्या वळणापर्यंत उतरल्या, तेव्हा वरून कडी लावल्याचा आवाज आला.