पन्नासाच्या पुढे

त्रेसष्टाव्या फील्डला, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या त्रेसष्टाव्या भागाला, तिने मायक्रोस्कोपखालची काच सरकवणं थांबवलं. एवढंसं निळं कडं, त्यावर लाल ठिपका. हिवतापाचा जंतू. कालपरवा रुजू झालेल्या पोरीलाही दिसला असता.

काच वहिनीच्या रक्ताची होती. महिन्यापूर्वी तिनेच ती बघून ‘निगेटिव्ह’ लिहिलं होतं. नियम शंभर फील्ड बघायचा, पण प्रयोगशाळेत चाललेल्या हिवतापाच्या अभ्यासात तीन वर्षं एकही जंतू सापडेना, तेव्हा हळूहळू सगळेच पन्नास बघून उठू लागले. “नाही ते शोधत डोळे कशाला फोडून घ्यायचे?” शेजारच्या टेबलावरचे तात्या म्हणायचे आणि सगळे हसायचे. तीही हसायची. तो रिपोर्ट बघून दादाने वहिनीला तापाच्या साध्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी वहिनी गेली.

आज सकाळी कुणाला न सांगता तिने जुन्या काचांचा खोका काढला होता. नसता काढला तर बरं झालं असतं, असं आता वाटत होतं.

तेवढ्यात दादा लेकीला घेऊन दारात उभा राहिला. पोरीच्या बोटाला कापूस होता.

“हिला कालपासून ताप आहे. बाहेरच्या बाईंनी रक्त घेऊन काच रंगवून दिलीय. तू बघ.”

“तात्यांकडे दे.”

“घरचं माणूस असताना तात्या कशाला? तुझी वहिनी गेली तेव्हा मी चुकीचं औषध दिलं म्हणून लोक नाही नाही ते बोलले. मी म्हटलं, माझ्या बहिणीने स्वतः बघितलंय. तेवढाच आधार आहे गं मनाला.”

सांगायला हवं होतं, पण मेलं तोंडच उघडेना. पोरीची काच तिने तात्यांच्या पुढ्यात ठेवली.

“पूर्ण शंभर बघा.”

तात्यांनी चमकून वर पाहिलं आणि मुकाट्याने कामाला लागले. मग तिने दादाला आपल्या स्टुलावर बसवलं.

एक डोळा मिटून तो वाकला. पोर त्याचा शर्ट धरून उभी होती.

“निळं कडं दिसतंय. नाजूक आहे गं. कुणाचं रक्त हे?”

“वहिनीचं. ते कडं हिवतापाचं आहे.”

त्याने भिंगावरून डोळा हटवला नाही.

“आणि हे कडं,” त्याने हळू आवाजात विचारलं, “त्या दिवशीही होतं?”

“होतं,” ती म्हणाली.