काट्यावर न आलेलं ओझं

मित्रांनो, माझ्या पाटावर चढण्याआधी तळव्यांची वाळू झटका. मी एक जुना वजनकाटा आहे, आणि वाळूसुद्धा मोजल्याशिवाय मला राहवत नाही.

टोंगाच्या एका लहानशा बेटावर, विमानाच्या गवती धावपट्टीच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली माझा मुक्काम. तरुणपणी मी खोबऱ्याच्या वखारीत होतो. माझा शब्द तिथे अखेरचा असे. पुढे वखार बसली आणि उहिलाने मला हातगाडीवर घालून इथे आणलं. उहिला या धावपट्टीचा राखणदार. डुकरं हाकलायची, गवत कापायचं, आणि विमान चिमुकलं असल्यामुळे माणसंही तोलूनच आत सोडायची, हे त्याचं काम.

या बेटावर वजन म्हणजे भरलेलं घर. काटा जोरात पळाला की छपराखाली हशा पिकतो. "बघा बघा, सासरी जेवायला घालतात हिला!" बाहेरचे पाहुणे मात्र ओशाळतात. एकाने पिशवी हलकी दिसावी म्हणून जड वस्तू अंगरख्याच्या खिशांत कोंबल्या, तर उहिला म्हणाला, "अरे बाबा, खिशासकट तूच उभा आहेस ना त्यावर!" मग तो प्रत्येकाला प्रेमाने बजावतो: रोख पैसे राजधानीतूनच आणा, इथे पैसे काढायचं यंत्र नाही, गावात गुडघे झाकून फिरा, रविवारी विमान नाही, होडी नाही, पोहणंसुद्धा नाही. पाहुणे मान डोलावतात.

पण मित्रांनो, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तो कुणालाच सांगू शकत नसे.

इथली रीत अशी, की निघणाऱ्याला रिकाम्या गळ्याने जाऊ देत नाहीत. तो माझ्यावरून उतरला की मग नातलग पुढे येतात. फुलांच्या माळा, शिंपल्यांच्या माळा, कमरेला मानाची म्हणून गुंडाळलेली नवी चटई, हातात भाजलेल्या कोनफळांची टोपली. आणि हे सगळं मोजणी झाल्यावर! मी बघत राही. माझ्या काट्याने सांगितलेलं खरं त्या पाच पावलांतच खोटं होऊन जाई.

एकदा विमान परत आलं तेव्हा त्याच्या चाकांत धावपट्टीच्या टोकाच्या माडाची ओली झावळी अडकलेली होती. लोक हसले. वैमानिक ताउफा हसला नाही. त्याने झावळी ओढून काढली आणि उहिलाच्या हातात दिली.

तेव्हापासून उहिलाची झोप उडाली. दर्याही पुढे सरकत होता. भरतीचं पाणी धावपट्टीच्या टोकाशी गवतात साचू लागलं होतं. गवत पिवळं पडत होतं, पट्टी आखूड होत होती.

अशात तो शनिवार उजाडला. आभाळ गाभण डुकरिणीसारखं खाली वाकलेलं. उहिलाची एकुलती लेक फिनाऊ परिचारिका व्हायला राजधानीला निघाली होती. सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. ती माझ्यावर चढली, उतरली. ताउफाने आकडा पाहिला. "भरलं विमान. आता आत माशीसुद्धा नको."

बायका तिच्या गळ्यात माळा घालत, कमरेला चटई बांधत गाऊ लागल्या:

जाणारीच्या गळा माळ, माळेचा ग ओला वास
मागं नको पाहू बाई, दर्या मोजतो ग श्वास

आणि लेसिएली आत्या आली. उहिलाच्या वडिलांची ही बहीण. इथे आत्या म्हणजे घराण्याचा मुकुट. तिच्यापुढे भावाची पोरं डोळा वर करत नाहीत, आणि तिने दिलेलं नाकारणं तर पापच. दोघांनी धरून आणलेली टोपली तिने विमानाच्या दाराशी ठेवायला लावली. आत अख्खं भाजलेलं डुक्कर, कोनफळं, वर घडी केलेली जुनी चटई.

"माझ्या पोरीनं परक्या गावात उपाशी राहायचं नाही," ती म्हणाली.

उहिला तिच्या पायांकडे बघत राहिला. ताउफा आभाळाकडे बघत होता. 'नाही' म्हणणारं तोंड या घराण्यात जन्मालाच आलं नव्हतं.

"आत्या," उहिला शेवटी म्हणाला, "तुझी टोपली जाईल. फिनाऊ राहील."

"काय बरळतोस?"

"तिच्या जागेवर टोपली ठेवतो. पट्ट्याने बांधतो, पडायची नाही."

"बा!" फिनाऊचा आवाज फुटला. "माझी जागा जाईल!"

"चारचौघांत माझी लाज काढतोस होय रे?" आत्या कडाडली.

"नाही आत्या. मान ठेवतोय तुझा."

गाणं थांबलं. आत्याने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ठेवा रे ती या टिनपाटावर."

टोपली माझ्यावर आली. माझा काटा कुरकुरत, गंज झटकत पुढे गेला, गेला, आणि जवळजवळ फिनाऊच्याच आकड्याशी जाऊन थरथरला.

आत्या वाकून पाहत राहिली. "एवढं?" ती हळूच म्हणाली. "स्वयंपाकघरातून निघताना तर हलकं वाटलं होतं रे मला."

मग तिने स्वतःच्या हातांनी फिनाऊच्या गळ्यातली एकेक माळ काढली. कमरेची चटई सोडली. तशी चटईविना कंबर घेऊन निघणं ही इथे केवढी विटंबना! पण ती मुकुटाची आज्ञा होती. "जा. नुसती जा."

विमान धावलं. फार धावलं. टोकाच्या पाण्यातून चाकांनी दोन पांढरे पंख उडवले, तेव्हा कुठे ते उचललं. माडांचे शेंडे हलले. ढगाने ते गिळलं. रेडिओ खरखरून ताउफाचा "पोचलो" येईपर्यंत कुणी घरी गेलं नाही. आत्या माझ्या पाटावर बसून होती. एवढी भारी बाई, पण त्या वेळी मला तिचं वजन कळलंच नाही.

आता आत्या सगळ्यात आधी येते आणि प्रवाशाच्या आधी भेटी माझ्यावर ठेवायला लावते. पण मित्रांनो, माझ्या स्प्रिंगमध्ये खारं पाणी शिरलंय. काटा कधी कधी अडकतो. नवा काटा येईल म्हणतात; त्याआधी दर्या येतोय. मला तेल द्या, मीठ पुसा. आणि निघणाऱ्याला जे द्यायचं असेल ते आधी माझ्यावर ठेवा. मागाहून गळ्यात घातलेली माया मला मोजता येत नाही. विमानाला मात्र ती उचलावी लागते.