मास्तरांनी सांगितलेलं वर्ष

वर्षाच्या शेवटच्या रविवारी या घरात सगळे जेवायला जमत, आणि जेवणं झाली की सरलेलं वर्ष कुणीतरी सांगायचं. कुणीतरी म्हणजे मास्तरीणबाईच. खरं तर शिवणकामाचे मास्तर त्यांचे यजमान. पण त्यांची मास्तरकी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत. घरात पट्टा चाले तो बाईंच्या तोंडाचा. नियमही त्यांचाच: बरं-वाईट सगळं सांगायचं. कुणाला वाटलं की काही गाळलं, तर त्याने टेबलावर हात आपटायचा आणि सांगणाऱ्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

यंदा सांगायची पाळी मास्तरांवर आली. पावसाळा सरताना बाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. कळत मात्र सगळं होतं. त्या दवाखान्यात असतानाच त्यांचा थोरला भाऊ, मुलांचा मामा, झोपेतच गेला. डॉक्टर म्हणाले, "सध्या धक्का बसेल असं काही त्यांच्या कानावर घालू नका." हे 'सध्या' कधी संपतं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही. मामा लांब लेकाकडे राहायला गेलाय, तिथे फोन लागत नाही, असं सांगायचं ठरलं. तेव्हापासून घरभर अळीमिळी गुपचिळी.

"करा सुरुवात, बाबा," लेक म्हणाली. "आणि बेतानं सांगा, नाहीतर पुढचं वर्ष उजाडेल."

मास्तरांनी लेकीच्या लग्नापासून धरलं. गावभराचे कपडे मापात शिवणाऱ्याने जावयाचाच कोट खांद्यात आवळून ठेवला होता. बिचारा फोटोत हात वर करू शकला नाही. सगळे हसले. मग उन्हाळ्यातली समुद्राची सहल. "आम्ही दोघं गेलो..." मास्तर म्हणाले, आणि बाईंचा डावा हात टेबलावर आपटला.

"पकडलं आईने!" मुलगा हसला, आणि मग त्याचं हसू तोंडातच राहिलं. सहलीला मामाही होता.

मास्तरांनी पुन्हा लग्नापासून सुरुवात केली. या वेळी सहलीत मामाला घेतला. बसमध्ये तो असा घोरला की पुढच्या बाकावरची माणसं उठून मागे जाऊन बसली. बाई अर्ध्या ओठाने हसल्या.  ते हसू बघून मास्तरांनी घाईघाईने दुखणं उरकलं, दवाखाना उरकला आणि नातीच्या जन्मावर उडी मारली. "सगळे बघायला आले, घर कसं भरून गेलं!"

हात आपटला.

"काय राहिलं, आई?" मांडीवरच्या बाळाला थोपटत सुनेने विचारलं. तिलाही माहीत होतं, पण काहीतरी विचारायला हवं होतं. बाईंनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. दरवर्षी तिथे मामा बसायचा. आज तिच्यावर बाळाची दुपटी पडली होती.

"अगं, तो लेकाकडे नाही का..."

हात असा आपटला की पेले हलले. मास्तरांनी मुलांकडे पाहिलं. मुलगा हललेला पेला जागेवर ठेवत होता, लेकीने मान खाली घातली होती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मास्तर आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवत आले होते.

"दादा गेला गं," ते म्हणाले. "तू दवाखान्यात होतीस, तेव्हाच. झोपेत गेला. त्याला काही त्रास झाला नाही."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी लेकीकडे पाहिलं, मुलाकडे, सुनेकडे, जावयाकडे. प्रत्येकाकडे पुरता वेळ घेऊन. आपल्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं, हे त्यांना एकेका तोंडावर वाचता येत होतं. मास्तरांना वाटलं, हिने बोलावं. शिव्या द्याव्यात, सात पिढ्या उद्धराव्यात, पण बोलावं. मास्तरांकडे मात्र बाईंनी पाहिलंच नाही.

मग बाईंनी आतल्या खोलीकडे हात केला. मास्तरांनी चाकांची खुर्ची आत नेली, त्यांना पलंगावर बसवलं आणि सवयीने स्वेटरच्या बटणाला हात घातला. बाईंनी तो हात बाजूला सारला. डाव्या हाताने त्या स्वतःच वरचं बटण काढू लागल्या. ते काजातून सुटेना; बोटं घसरत होती, पुन्हा धरत होती.

"मी काढतो गं," मास्तर म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही. मास्तर हात मोकळे सोडून तिथेच उभे राहिले.