मॅट्सचं वळण

एलिआस हेडमार्कनं खिडकीचा पडदा खाली ओढला तेव्हा गाडी अजून जंगलातच होती. पुढे वळण होतं, आणि वळण यायच्या आत पडदा ओढायचा ही त्याची जुनी सवय. समोर बसलेला इंजिनिअर शेर्नवाल नकाशाची घडी घालत राहिला. मालकांच्या या पडद्याबद्दल साऱ्या रेल्वेत कुजबुज चाले, पण तोंडावर विचारायची कुणाची छाती नव्हती.

खाणीपासून बंदरापर्यंतचा हा लोहमार्ग एलिआसनं बांधला. त्यापायी दलदली बुजवल्या, खडक फोडले, स्टॉकहोमच्या कचेऱ्यांत जोडे झिजवले. राजाचे अधिकारी वळले, बँकवाले वळले, वळला नाही तो त्याचा सख्खा थोरला भाऊ. मॅट्सनं वडिलांच्या बार्लीच्या शेतातून रूळ जाऊ दिले नाहीत. चर्च सुटल्यावर अख्ख्या गावादेखत एलिआस त्याला ‘दगड आहेस तू, दगड’ म्हणाला होता. मॅट्सनं टोपी डोक्यावर चढवली आणि घरची वाट धरली. त्यानंतर दोघांत शब्द नाही.

तेव्हापासून गाड्या त्या शेताला वळसा घालून, रांगत रांगत जात. लोक त्या जागेला मॅट्सचं वळण म्हणू लागले. कुणी सहज जरी ते नाव काढलं, तरी एलिआसला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे.

आज गाडी मंदावली ती मंदावली, आणि चक्क थांबलीच.

एलिआस तणतणत खाली उतरला. इंजिनाजवळ म्हातारा ड्रायव्हर हुल्टमान टोपी हातात घेऊन उभा होता.

“मालक, ते बघा.”

रुळांच्या कडेला मॅट्सचं कुंपण होतं. कुंपणाच्या आत, अगदी रुळांकडे तोंड करून, सूचिपर्णी स्प्रूसची दोन कोवळी झाडं रोवली होती. दोन्हींचे शेंडे मोडलेले. तिथून थेट घराच्या दारापर्यंत स्प्रूसच्या हिरव्या डहाळ्या बारीक तोडून अंथरल्या होत्या.

“घरात कुणी तरी वारलंय,” शेर्नवाल म्हणाला. “पण झाडं इकडे कशी? फाटक तर पलीकडे, रस्त्यावर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून ती फाटकाशी लावतात.”

एलिआसची नजर घराकडे गेली. त्या घरात माणसं होतीच किती? मॅट्स आणि त्याची बायको.

शेर्नवाल जवळ सरकला. “मालक, ही वेळ नाही, मला कळतं. पण म्हातारा गेला असेल तर बाई एकटी पडली. शेताचं नुसतं कानावर घालून ठेवावं. बर्फ वितळला की रूळ सरळ करून टाकू.”

“बघतो,” एलिआस म्हणाला. खरं सांगायचं तर भावाचा चेहरा आठवायच्या आधी तोच विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. त्याची त्याला लाज वाटली.

डहाळ्या चुकवून कडेकडेनं चालत तो दारात पोचला. ब्रीता काळे कपडे घालून चुलीपाशी उभी होती.

“या भावोजी. कॉफी उकळलीच आहे.”

“वहिनी, कधी?”

“काल पहाटे. छातीत कफ दाटला होता.”

“मला निरोप तरी धाडायचात.”

“धाडला की! त्याशिवाय का आलात?” तिनं त्याच्यापुढे कप ठेवला. “रस्त्यानं तुम्ही कधी येता? झाडं फाटकाशी लावली असती तर तुम्हाला काय दिसणार होतं, कप्पाळ? यांनीच बजावून ठेवलं होतं. रुळांकडे लाव, धाकटा तिकडून जातो.”

एलिआसनं साखरेचा खडा दातांत धरला आणि कॉफी बशीत ओतली. शहरातल्या बैठकांत त्यानं ही घरची रीत केव्हाच सोडून दिली होती. आज हात आपोआप तसा वळला.

“शेताचं विचारायला आला असाल,” ब्रीता म्हणाली.

त्यानं बशी ओठांशी नेली.

“घ्या. मी लेकीकडे जाईन, मला काय करायचंय? यांना तरी बार्लीचा लोभ कुठे होता? सुरुवातीला राग होता, खोटं कशाला बोलू. भर चर्चसमोर दगड म्हणालात. पण पुढे राग गेला. मीच म्हटलं, देऊन टाका आता, मिटवा एकदाचं. तर मलाच म्हणाले, खुळी आहेस. रूळ सरळ झाले की गाडी सुसाट जाईल. मग तो मला दिसायचा कसा?”

चुलीत लाकूड तडतडलं. एलिआसच्या दातांतली साखर विरघळून गेली, तरी बशी ओठांशी तशीच होती.

“दर शनिवारी, तुमच्या गाडीच्या वेळेला कुंपणापाशी हजर. थंडी नाही, पाऊस नाही. टोपी काढून उभे राहायचे. आणि घरात पाऊल टाकताच मला सांगायचे, ब्रीता, आजही धाकट्यानं हॅट उचलली बरं का! मग जेवताना दोन घास जास्त.”

बशी कलंडली. टेबलावर कॉफीचा ओघळ पसरला. ब्रीतानं फडकं घेतलं आणि पुसता पुसता वर न बघता विचारलं,

“उचलायचात ना, भावोजी?”

इतक्या वर्षांत या वळणावर एकदाही त्यानं तो पडदा वर ठेवला नव्हता.

“हो,” एलिआस म्हणाला. “उचलायचो.”

ब्रीताचा फडक्याचा हात थांबला. “मला मेलीला वाटायचं, माझं मन राखायला सांगतात,” ती म्हणाली, आणि त्याच फडक्यात तोंड लपवून रडली.

आतल्या खोलीत मॅट्स पांढऱ्या चादरीखाली निजला होता. खुंटीवर त्याची टोपी होती. काढताना जिथे चिमटीत धरायची, तिथे तिची कड झिजून गुळगुळीत झाली होती. एलिआसनं तिथे बोट टेकवलं.

तो परतला तेव्हा शेर्नवाल डब्याच्या दारातच होता.

“काय म्हणाली? देते का?”

“देते.”

“वा! मग वसंतात कामाला लागू.”

एलिआस आपल्या जागेवर बसला आणि पडदा वर ओढू लागला. दोरी अडकली, दोनदा हिसडा द्यावा लागला. गाडी हलली. कुंपणापाशी, शेंडे मोडलेल्या दोन झाडांमध्ये, ब्रीता येऊन उभी राहिली होती.

एलिआस उठला. त्यानं हॅट काढली आणि शेत मागे पडेपर्यंत हातातच धरली. हुल्टमाननं शिट्टी वाजवली नाही.

शेर्नवालनं खिशातलं घड्याळ काढून पाहिलं.

“या वळणावर फारच वेळ जातो, मालक.”

“जाऊ दे,” एलिआस म्हणाला.